आजारपणाचं कलम

(रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या व्याख्यानमालेत आजवर देशाचे, भाषेचे, इतिहासाचे विषय मांडले गेले. मी आज निवडलेला विषय दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मावेल एवढाच आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला कराराची मुदत संपण्याआधी प्रकृतीमुळे घर सोडावं लागलं, तर त्याचं काय होतं? वकिलीच्या धंद्यात हा प्रश्न घेऊन येणारी माणसं मी बघत आलो आहे. ती भांडायला आलेली नसतात. बहुतेकांच्या हातात एक फाइल असते, तीत वर रिपोर्ट असतात आणि तळाशी भाडेकरार असतो. खोकल्याने, थकव्याने किंवा काळजीने त्यांचा आवाज बसलेला असतो आणि ती विचारतात, "साहेब, डिपॉझिट जाईल का हो?"

रत्नागिरी हे भाडेकरूंचंही गाव आहे, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. जिल्ह्याचं ठिकाण म्हटलं की बदलीची माणसं आलीच. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत इथे शिक्षक होते आणि १८६६ साली बदली होऊन पुण्याला गेले. तेव्हापासून आजपर्यंत शिक्षक, कारकून, न्यायालयातले कर्मचारी, बँकेतली मुलं, परिचारिका अशी ये-जा चालूच आहे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतले कामगार आहेत, अभियांत्रिकीचे आणि मत्स्य महाविद्यालयाचे विद्यार्थी आहेत, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही आले. मारुती मंदिरापासून नाचण्यापर्यंत आणि साळवी स्टॉपपासून कुवारबावपर्यंत ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी दारांवर मालकाच्या नावाची पाटी असते आणि आत राहणारा दुसराच असतो. मालक मुंबईला, पुण्याला, कुणी दुबईला.

यातला कुणी आजारी पडला की प्रश्न सुरू होतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. कर्करोगाचं निदान झालेला माणूस परळला टाटा रुग्णालयात जातो. उपचार काही महिने चालणार असतात, म्हणून घरचे मुंबईत कुठेतरी खोली बघतात, आणि इथल्या बंद घराचं भाडं चालूच राहतं. एका पगारावर दोन भाडी आणि शिवाय औषधं. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला लिफ्ट नसलेला तिसरा मजला चढवत नाही. दम्याच्या मुलाला पावसाळ्यात भिंतीची ओल सोसत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याच्या भिंतीला नीट गिलावा नसेल तर श्रावणापर्यंत कपाटामागे बुरशीचा काळा पट्टा उमटतो, आणि उन्हाळ्यात घर पसंत करणाऱ्याला तो दिसलेला नसतो. मनाचा आजार असेल तर माणसाला आपल्या माणसांजवळ जायचं असतं, गावाला, आईकडे. अशा वेळी "अकरा महिने पुरे करा, मग जा" हे ऐकणं किती कठीण असेल, याचा विचार करा.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी अडचण इथेच आहे.

आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. म्हणजे मालक घराचा ताबा राखून आपल्याला ठरावीक मुदत राहण्याची परवानगी देतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात या परवानगीची व्याख्या आहे, आणि कलम ६२ प्रमाणे ज्याला परवानगी दिली त्याने ती सोडून दिली की ती रद्द झाली असं मानलं जातं. म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा, की आजारी माणसाला घरात कुणी डांबून ठेवू शकत नाही. घर सोडता येतंच. वाद उरतो तो पैशांचा. उरलेल्या महिन्यांचं भाडं आणि मालकाकडे ठेवलेली अनामत.

या पैशांबद्दल आपला राज्याचा कायदा जवळजवळ गप्प आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. उशिरा निघणाऱ्याचा एवढा नीट विचार केलेल्या या कायद्यात लवकर निघावं लागणाऱ्यासाठी एक ओळही नाही. हा कायदा भाडेकरूंच्या चळवळींचा वारसा सांगतो. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या महागाईत, मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं, १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. त्या सगळ्या लढ्यांचा प्रश्न एकच होता : मालकाने आपल्याला बाहेर काढू नये. आपणच बाहेर पडायची वेळ येईल, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही, आणि तेव्हाच्या घरटंचाईत तो सुचणारही नव्हता.

१८८२ चाच मालमत्ता हस्तांतरण कायदा घ्या. त्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार अशा कारणांनी घर कायमचं निकामी झालं, तर पट्टेदाराला पट्टा, म्हणजे लीज, संपवण्याची मुभा आहे. घर मोडलं तर कायद्याला समजतं. माणूस मोडला तर समजत नाही. १८९६-९७ च्या मुंबईच्या प्लेगमध्ये हाच दृष्टिकोन रस्त्यावर दिसला. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या चाळींवर 'यूएचएच' ही इंग्रजी अक्षरं रंगवली जात होती. आजारी ठरवलं जात होतं ते घर. त्या घरातून जीव मुठीत धरून बोटीने रत्नागिरीला, मालवणला आलेल्या गिरणी कामगाराच्या खोलीचं आणि भाड्याचं पुढे काय झालं, हे कुणाच्या नोंदवहीत शोधावं?

याच गावात एक वेगळं उदाहरण घडलं आहे. १९२४ साली विनायक दामोदर सावरकरांना इथे स्थानबद्ध करण्यात आलं. सरकारच्या परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही अशी अट होती. त्याच वर्षी गावात प्लेग पसरला. तेव्हा त्यांना काही काळ नाशिकला जाऊ देण्यात आलं, आणि पुढे प्लेगमुळेच ते गावाबाहेर शिरगावला दामल्यांच्या घरी राहिले. मी इथे त्यांच्या राजकारणाविषयी बोलत नाही. ज्या सरकारला त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता, त्या सरकारनेही प्रकृतीला धोका दिसताच राहण्याच्या अटीत सवलत दिली, एवढंच मला सांगायचं आहे. आज अकरा महिन्यांच्या छापील करारात तेवढी सवलतही सापडत नाही.

कुणी विचारेल, की करार पाळणंच अशक्य झालं तर तो आपोआप संपत नाही का? १८७२ च्या करार कायद्यात कलम ५६ आहेच. आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. पट्ट्याने दिलेली जमीन फाळणीत पाकिस्तानात गेली आणि पट्टेदाराला तिथे जाणंच अशक्य झालं, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितलं की एकदा पट्टा पुरा झाला की कलम ५६ लावता येत नाही. करोनाच्या टाळेबंदीत दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानदाराने भाडं थांबवण्याची मागणी केली, ती दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये नाकारली. आपल्या राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका, असं मालकांना सांगितलं होतं. त्याने छप्पर वाचलं. पण त्या वर्षी मुंबईची खोली सोडून आपल्या जिल्ह्यात परतलेल्या किती चाकरमान्यांनी मुदतीआधी खोली सोडल्यापायी अनामत गमावली, त्याला त्या सूचनेत उत्तर नव्हतं. लायसन्सचा करार हा पट्टा नव्हे, म्हणून तिथे कलम ५६ चा वाद घालायला वकिलाला थोडी जागा मिळते. पण भाडं भरणं अशक्य नाही, फक्त फार जड आहे, हे समोरचा वकील दोन मिनिटांत दाखवून देईल.

खरा आधार करार कायद्याच्याच कलम ७३ आणि ७४ मध्ये आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. करार मोडल्याबद्दल त्यात कितीही मोठी रक्कम लिहिलेली असो, न्यायालय वाजवी भरपाईच देतं. लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेह चंद खटल्यात हे सांगितलं आणि २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात पुन्हा ठणकावलं, की नुकसानच झालं नसेल तर ठेव जप्त करता येत नाही. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे. नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हाताशी होते, ते विचारात घ्यायचे. म्हणजे मालकाने घराला कुलूप लावून बसायचं आणि सात महिन्यांचं भाडं मागायचं, असं चालत नाही. दुसरा भाडेकरू शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न त्याने करायला हवा.

आकड्यांत बघू. समजा भाडं १२,००० रुपये, अनामत ५०,०००, मुदत अकरा महिने आणि सगळ्या अकरा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर करार सोडायचा नाही अशी अट. चार महिन्यांनी भाडेकरू आजारी पडला. करार वाचून मालक म्हणेल, सात महिन्यांचे ८४,००० झाले, अनामत माझीच, वरचे ३४,००० द्या. पण समजा महिन्याभरात नवा भाडेकरू आला. तर मालकाचं खरं नुकसान एका महिन्याचे १२,०००. नव्या कराराचा खर्च धरा : मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के मिळवून, म्हणजे साधारण ३४० रुपये. नगर परिषद हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. एजंटाला दिले असतील तर ते. सगळं मिळून अनामतीचा मोठा भाग परत यायला हवा. कायद्याचा रोख हा असाच आहे.

पण कायद्याचा रोख आणि माणसाच्या हातात पडणारे पैसे यांच्यात दिवाणी दावा उभा असतो, आणि केमोथेरपी चालू असलेला माणूस तारखा घेत बसू शकत नाही. तो सोडून देतो. मी स्वतः कितीदा सल्ला दिला आहे की सोडून द्या, प्रकृती सांभाळा. तो सल्ला त्या वेळी बरोबर होता, आणि दर वेळी तो देताना मला वाईट वाटलं आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : आजारपणाची सोय करारावर सही होते त्या दिवशी, सगळे धडधाकट असताना, लिहून ठेवायला हवी. मग ती कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही.

मालकाची बाजू मी विसरलेलो नाही. आपल्या गावातला मालक म्हणजे दर वेळी धनिक नसतो. मागे राहिलेल्या काकू खाली राहतात आणि वरचा मजला भाड्याने देतात. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या भाड्यातून येतात. शिमग्यानंतर रिकामं झालेलं घर नव्या शैक्षणिक वर्षापर्यंत रिकामंच राहू शकतं, ही त्यांची भीती खरी आहे. आणि अनामत? ती गेल्या वर्षी छपराचे पत्रे बदलण्यात गेलेली असते. मागितली की त्यांच्याकडे नसते, आणि नसते म्हणून त्या लॉक-इनच्या कलमावर बोट ठेवतात. या भांडणाचं मूळ पुष्कळदा अनामतीच्या आकारात असतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या नमुन्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावी असं म्हटलं आहे. ते आपण राज्याच्या कायद्याची वाट न बघता पाळू शकतो. थोडी अनामत घ्यावी आणि ती बँकेत वेगळी ठेवावी. काकूंनाही त्यातच सुख आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, ती सांगतो. आज सवलत मिळवायची तर आजारी माणसाला आपला आजार मालकाला सांगावा लागतो. दाराशी उभं राहून सांगावा लागतो. रिपोर्ट दाखवावे लागतात. क्षयरोग असेल तर ती बातमी जिना उतरेपर्यंत सगळ्या इमारतीत पोचते, आणि दुसरं घर मिळणं बंद होतं. आपल्या गावात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. या आजारांची जाण आपल्याला इतरांहून जास्त असायला हवी होती. पण त्या रुग्णालयाचा नुसता उल्लेख चेष्टेत कसा होतो, हे इथल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. अशा गावात नैराश्याने खचलेल्या मुलीने घरमालकाला काय सांगायचं? ती काहीच सांगत नाही. नोकरी गेली म्हणते, लग्न ठरलं म्हणते, आणि अनामत सोडून जाते.

कायद्याने इथे काही पावलं टाकली आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संसर्ग असलेल्या माणसाला घर भाड्याने नाकारणं हा भेदभाव ठरतो, आणि त्याला आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण डॉक्टराने गुप्त ठेवलेली गोष्ट भाडेकरू स्वतःच सांगायला लाचार झाला, तर तो हक्क कुठे उपयोगी पडणार?

फ्रान्समध्ये याचं उत्तर फार साधं आहे. तिथल्या ६ जुलै १९८९ च्या भाडे कायद्यात रिकामं घर भाड्याने घेतलेल्याला सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रकृतीमुळे घर बदलणं गरजेचं आहे असं वैद्यकीय प्रमाणपत्र असेल, तर एकच महिना पुरतो. आधी ही सवलत साठीपुढच्यांना होती, २०१४ च्या दुरुस्तीने वयाची अट गेली. आपली पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात त्या न्यू जर्सी राज्यातही आजाराने किंवा अपघाताने अपंगत्व येऊन उत्पन्न बुडालं, तर डॉक्टरांच्या दाखल्यासह एक वा अधिक वर्षांचा करार मुदतीआधी संपवण्याची तरतूद आहे. दोन्हीकडे निर्णय डॉक्टरांच्या कागदावर होतो. मालकाला दया यावी लागत नाही.

आपल्या करारात असं कलम घालायला आज कुणाचीही आडकाठी नाही. मी एक मसुदा वाचून दाखवतो, लिहून घ्या :

"लायसन्सी किंवा त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय यांच्या प्रकृतीच्या कारणास्तव घर सोडणे आवश्यक असल्याचे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे लेखी प्रमाणपत्र दिल्यास, लॉक-इनची मुदत बाकी असली तरी लायसन्सी एक महिन्याची लेखी नोटीस देऊन हा करार संपवू शकेल. प्रमाणपत्रात आजाराचे नाव लिहिणे आवश्यक नाही. नोटीस मुदतीचे भाडे, थकीत बिले व घराचे प्रत्यक्ष नुकसान वजा करून उरलेली अनामत ताबा देण्याच्या दिवशी परत केली जाईल. लायसन्सी स्वतः हजर राहू शकत नसल्यास त्याच्या वतीने नोटीस देण्यास, ताबा देण्यास व रक्कम घेण्यास खाली नाव दिलेली व्यक्ती अधिकृत राहील."

कुटुंबीय हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण आजारी असतो तो पुष्कळदा कमावणारा नसून त्याची आई किंवा मूल असतं. महिना एकच ठेवला, कारण त्याहून कमी ठेवलं तर काकूंवर अन्याय होतो आणि जास्त ठेवलं तर रुग्णावर. खोट्या दाखल्याची शंका कुणी काढेल. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक त्यावर असतो, आणि खोटा दाखला देणारा डॉक्टर वैद्यक परिषदेच्या कारवाईला पात्र ठरतो. तेवढा धाक पुरेसा आहे. शेवटचं वाक्य मात्र कुणीही गाळू नका. माणूस अतिदक्षता विभागात असताना नोटीस कुणी द्यायची, किल्ली कुणी द्यायची, चेक कुणाच्या नावाने काढायचा, यावरून भाऊ आणि मेहुणे हवालदिल झालेले मी पाहिले आहेत. एक नाव, एक मोबाइल नंबर, दोन्ही बाजूंच्या सह्या, एवढ्याने ते टळतं.

आधीच करार झालेला असेल, त्यांनी काय करायचं? दोन्ही बाजू तयार असतील तर पुरवणी करार करून हे कलम आजही जोडता येतं, आणि मूळ करार नोंदलेला असल्याने तोही नोंदवून घ्यावा. मालक तयार नसेल आणि घर सोडण्याची वेळ आलीच असेल, तर तोंडी बोलणी थांबवून लेखी नोटीस द्या, पोचपावतीच्या टपालाने. तीत ताबा देण्याची तारीख घाला, आणि नवा भाडेकरू बघण्यासाठी घर दाखवायला आपण तयार आहोत हे स्पष्ट लिहा. पुढे कलम ७३ चा आधार घ्यायचा झाला तर हे एक वाक्य फार कामाला येईल. निघताना वीज मीटरचा आकडा आणि प्रत्येक खोलीचा फोटो तारखेसह काढा. किल्ली दिल्याची पावती घ्या. शक्य असेल तर करार रद्द केल्याचा लेख नोंदवा, कारण कागदोपत्री तो करार जिवंत राहिला तर त्याचा त्रास दोघांनाही होतो.

मसुद्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांची घरं भाड्याने दिलेली आहेत, त्यांनी आधी घ्याव्यात.